ओढ्याला मळीचं पाणी आलं, तर काय करायचं? प्रदूषण कायद्याची वाट, पावलापावलानं

आमच्या ओढ्याचं पाणी पहिल्यांदा काळ्या चहासारखं दिसलं, तेव्हा आम्ही चार पानी तक्रार केली होती. तिच्यात संताप होता, पुढच्या पिढ्यांची काळजी होती, खाली सव्वाशे सह्या होत्या. तारीख नव्हती, वेळ नव्हती आणि पाणी ओढ्यात नेमकं कुठे मिसळतं हेही नव्हतं. महिन्याभरानं दोन ओळींचं उत्तर आलं: पाहणीवेळी सांडपाणी आढळून आलं नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. तेव्हा त्या उत्तराचा फार राग आला होता. आज तो कागद काढून वाचला की वाटतं, आमच्या तक्रारीवर दुसरं काही लिहिता येण्यासारखंही नव्हतं.

प्रदूषणाचा कायदा वासावर चालत नाही. कारखान्यानं सरकारला काय लिहून दिलंय आणि प्रत्यक्षात ओढ्यात काय येतंय, या दोन गोष्टींतला फरक त्याला दाखवावा लागतो. पुढचं सगळं या फरकाभोवती फिरतं. उदाहरण साखर कारखाना आणि डिस्टिलरीचं घेतलंय, कारण पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगाम सुरू झाला की हा प्रश्न दरवर्षी नव्यानं उभा राहतो. पण कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं रंगीत पाणी असो, केमिकलवाल्यांनी रात्री नाल्यात रिकामा केलेला टँकर असो, की नगरपालिकेचं मैलापाणी, वाट हीच आहे.

कायदे कोणते, आणि दार कुणाचं वाजवायचं

मुख्य कायदे तीन. पाण्यासाठी जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४. हवेसाठी त्याच धर्तीचा १९८१ चा वायू अधिनियम. आणि या दोन्हींवर छत्र म्हणून पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६, जो भोपाळच्या वायुगळतीनंतर दीड-दोन वर्षांत आला. घातक कचरा, प्लास्टिक, जैववैद्यकीय कचरा, ध्वनी यांचे नियम या तिसऱ्या कायद्याखाली निघतात.

महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. केंद्राचा कायदा येण्याआधीच राज्यानं १९६९ मध्ये स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा १९७४ चा कायदा राज्यानं १९८१ मध्ये स्वीकारला. एवढ्या लवकर सुरुवात करूनही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५५, महाराष्ट्रातले होते. कायदा असणं आणि तो वापरला जाणं यातलं अंतर तिथं दिसतं.

मंडळाचं मुख्यालय मुंबईत सायनला आहे, पण तुमचं काम तिथं नाही. तुमचा संबंध येतो तो उपप्रादेशिक कार्यालयाशी आणि तिथल्या क्षेत्र अधिकाऱ्याशी. नमुना घ्यायला तोच येतो आणि पाहणी अहवालही तोच लिहितो. त्याच्या वरती प्रादेशिक अधिकारी. एकेका क्षेत्र अधिकाऱ्याकडे शेकडो कारखाने असतात, हे लक्षात ठेवून बोललात तर काम लवकर होतं. भांडून फारसं हाती लागत नाही, हे अनुभवानं सांगतो.

प्रत्येक त्रास मंडळाकडे न्यायचा नसतो. डीजेचा आवाज पोलिसांचा विषय आहे: ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा. कचरा जाळणं पालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे, गाडीचा धूर आरटीओकडे. कारखान्याचं पाणी आणि चिमणीचा धूर मात्र मंडळाकडेच.

पहिलं पाऊल: संमतीपत्र मिळवा

लोक बाटलीत पाणी भरून थेट प्रयोगशाळेकडे धावतात. त्याआधी एक कागद हवा. सांडपाणी किंवा धूर सोडणाऱ्या उद्योगाला मंडळाकडून दोनदा परवानगी लागते: उभारणीआधी स्थापनेची संमती आणि चालू करण्याआधी संचालनाची संमती. जल अधिनियमाच्या कलम २५ आणि वायू अधिनियमाच्या कलम २१ खाली ती मिळते. कार्यालयात सगळे तिला 'कन्सेंट' म्हणतात.

हा कागद म्हणजे कारखान्याची कबुली असते. दिवसाला किती टन गाळप, किती सांडपाणी तयार होणार, ते कसं शुद्ध करणार, कुठे सोडणार, चिमणी किती उंच, राख कुठे टाकणार, सगळं त्यात असतं. मंडळाच्या संकेतस्थळावर बरीच संमतीपत्रं उतरवून घेता येतात. तिथं मिळालं नाही तर कार्यालयात जाऊन नोंदवही पाहायला मागा. कलम २५(६) प्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणं मंडळावर बंधनकारक आहे आणि सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कुणालाही ती पाहता येते. 'माहिती अधिकारात अर्ज करा' असं उत्तर मिळालं, तर हे कलम शांतपणे पुढे करायचं.

संमतीपत्र हाती आलं की चार जागा पेन्सिलीनं अधोरेखित करा.

एक, मुदत. ती संपली असेल आणि कारखाना चालू असेल, तर बाकी काही सिद्ध करायच्या आधीच उल्लंघन तुमच्या हातात आहे.

दोन, उत्पादनाचं प्रमाण. संमती ३,५०० टन गाळपाची आणि कारखान्याचा वार्षिक अहवाल अभिमानानं ५,००० टन सांगत असेल, तर दोन कागद शेजारी ठेवले की झालं. सहकारी कारखान्याचा सभासद असलात तर तो अहवाल तुमच्या घरातच असतो.

तीन, सांडपाण्याचं प्रमाण, घनमीटर प्रतिदिन. साखर कारखान्यांसाठी २०१६ पासून टनामागे २०० लिटरची मर्यादा आहे. म्हणजे रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यातून १,००० घनमीटरपेक्षा जास्त पाणी बाहेर पडता कामा नये.

चार, विल्हेवाट. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. पुष्कळ कारखान्यांच्या संमतीपत्रात सांडपाणी शुद्ध करून स्वतःच्या जमिनीवर शेतीसाठी वापरायचं असं असतं, आणि मळीपासून अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीला तर पाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायची मुभा नसते. मग ओढ्यात आलेलं पाणी कितपत घाण आहे हा वादच उरत नाही. ते तिथं येणंच बेकायदा.

ओढ्यात सोडायची परवानगी असलीच, तर सर्वसाधारण मानकं पाठ असू द्या: सामू (पीएच) ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (घाण रसायनानं तोडायला लागणारा प्राणवायू) २५०, तरंगते घन पदार्थ १००, तेल व ग्रीस १०. संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर ते लागू.

बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खाणार, त्याचं माप. गावच्या मैलापाण्याचा बीओडी साधारण दोनशे-तीनशे असतो. डिस्टिलरीच्या कच्च्या स्पेंट वॉशचा, ज्याला आपण सरसकट मळीचं पाणी म्हणतो, तो चाळीस हजारांच्या वर जातो. असा एखादा टँकर बंधाऱ्यात रिकामा झाला की जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात आणि मासे तोंड वर काढून तडफडायला लागतात. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो तो असा. मासे बहुतेकदा विषानं नाही, गुदमरून मरतात.

दुसरं पाऊल: नोंदवही, आणि मग नमुना

शंभर पानी वही घ्या. रोज एक ओळ: तारीख, वेळ, जागा, रंग, वास, फेस, प्रवाह, वाऱ्याची दिशा, पाहणाऱ्याचं नाव. काही दिसलं नाही तरी 'पाणी स्वच्छ' असं लिहायचं. फक्त वाईट दिवस लिहिलेली वही पक्षपाती वाटते. महिन्याभरात एक नक्षी दिसू लागते. आमच्याकडे ती शनिवारी रात्रीची आणि मोठ्या पावसानंतरची होती. सुट्टीच्या तोंडावर आणि पुराच्या आडून पाणी सोडायची कला जुनी आहे. ही नक्षी तक्रारीत लिहिली, तर अधिकारी मंगळवारी दुपारी येऊन कोरडा पाइप बघून जात नाही.

फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा आणि फोटोत ओळखू येईल अशी खूण घ्या: मोरी, पुलाचा कठडा, विजेच्या खांबाचा नंबर. नुसत्या तपकिरी पाण्याचा फोटो कुठलाही असू शकतो.

आता नमुना. तीन जागी घ्यायचा: पाणी मिसळतं त्याच्या वरच्या अंगाला, मिसळतं तिथं, आणि थोडं खालच्या अंगाला. वरचा नमुना लोक विसरतात आणि नेमका तिथंच मार खातात, कारण 'पाणी वरूनच घाण येतंय' हे कारखान्याचं पहिलं उत्तर असतं. कधी कधी ते खरंही असतं. वरच्या शहराचं मैलापाणी असेल तर तेही याच तीन बाटल्यांतून कळतं.

स्वच्छ प्लास्टिकचा दोन लिटरचा कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळा, प्रवाहाच्या मध्यातून काठोकाठ भरा, हवा राहू न देता झाकण लावा. तेल-ग्रीस तपासायचं असेल तर रुंद तोंडाची काचेची बाटली लागते, ती विसळायची नाही. धातू तपासायचे असतील तर बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या, त्यात आम्ल घालावं लागतं. वर चिठ्ठी, दोन साक्षीदारांच्या सह्या, बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत. उशीर झाला की बीओडीचा आकडा बिघडतो. प्रयोगशाळा पर्यावरण अधिनियमाखाली मान्यताप्राप्त असावी. हातमोजे घाला, आणि कारखान्याच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका. तिथं घेतलेला नमुना उपयोगी पडत नाही आणि अतिक्रमणाची तक्रार मात्र तुमच्यावर होते.

हा तुमचा नमुना खटल्यात पुरावा म्हणून टिकेलच असं नाही. जल अधिनियमाच्या कलम २१ ची पद्धत ठरलेली आहे: मंडळाचा अधिकारी कारखान्याला नोटीस देतो, त्यांच्यासमोर नमुना घेतो, मागणी झाली तर त्याचे दोन भाग करून सीलबंद करतो, सह्या होतात. यातलं एक जरी चुकलं तरी कारखान्याचा वकील तो नमुना बाद करवतो. मग आपण कशाला खर्च करायचा? मंडळाला हलवण्यासाठी, आणि हरित न्यायाधिकरणासाठी, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या खास न्यायालयासाठी. तिथं पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू नाहीत, त्यामुळे तुमचा अहवाल निदान वाचला जातो.

मासे मेले तर मत्स्यव्यवसाय विभागाला त्याच दिवशी कळवा. विहिरीला रंग आला तर जिल्हा परिषदेची पाणी प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा. पीक करपलं तर तलाठी आणि कृषी सहायकाला बोलावून पंचनामा करून घ्या, सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद जोडा. नुकसानभरपाई मागायची वेळ आली की हे कागद लागतात, आणि तेव्हा ते नव्यानं तयार करता येत नाहीत.

तिसरं पाऊल: एका पानाची तक्रार

तक्रार उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावानं, प्रत प्रादेशिक अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांना. हाती दिली तर पोच घ्या, नाहीतर स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही. 'आपले सरकार' पोर्टलवर टाकली तर तक्रार क्रमांक मिळतो, तो पुढे कामी येतो. मजकूर साधारण असा:

"विषय: अमुक कारखान्याच्या सांडपाण्यामुळे अमुक ओढ्याचे प्रदूषण, जल अधिनियम, १९७४ च्या कलम २४ व २५ चे उल्लंघन.
दि. ४, ११ व १८ जानेवारी रोजी रात्री ११ ते पहाटे ४ या वेळेत अमुक गट नंबरजवळील सिमेंट पाइपमधून तपकिरी, दुर्गंधीयुक्त पाणी ओढ्यात सोडले गेले. कारखान्याच्या संमतीपत्रातील अट क्रमांक अमुक नुसार सांडपाणी बाहेर सोडण्यास परवानगी नाही. फोटो, नोंदवहीची प्रत व प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे.
विनंती: (१) शनिवारी रात्री पूर्वसूचनेशिवाय पाहणी करावी. (२) कलम २१ नुसार नमुना घ्यावा व त्या वेळी तक्रारदारास बोलवावे. (३) पाहणी अहवाल व विश्लेषण अहवालाची प्रत द्यावी. (४) कलम ३३अ खाली योग्य निर्देश द्यावेत."

एवढं पुरे. ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर वजन वाढतं. पण इथं खेड्यातली खरी अडचण येते. ओढा ज्यांचा नासतो, त्यांचाच ऊस त्या कारखान्याला जातो. कुणाचा भाऊ तिथं कामाला, कुणाची तोडणीची तारीख चिटबॉयच्या, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, हातात. सव्वाशे सह्या करणाऱ्यांपैकी पाहणीच्या दिवशी आम्ही सहा जण उरलो होतो, आणि बाकीच्यांना मी दोष देत नाही. त्यामुळे विनंतीत 'कारखाना बंद करा' असं लिहू नये असं माझं मत आहे. पाइप बंद करा, लगूनची, म्हणजे सांडपाणी साठवायच्या तळ्याची, गळती काढा, शुद्धीकरण यंत्रणेचा वीजमीटर वेगळा बसवा, असं मागा. गावही सोबत राहतं, आणि अशा मागण्या मान्य करणं अधिकाऱ्यालाही सोपं जातं.

मंडळाचा माणूस आल्यावर

पाहणीला हजर राहा. अधिकारी कारखान्यात तुम्हाला आत नेईलच असं नाही, पण बाहेरची मिसळण्याची जागा त्याला दाखवायचा हक्क तुमचा आहे. तो जो संयुक्त नमुना घेतो त्याला कार्यालयात 'जेव्हीएस' म्हणतात. त्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. माहिती अधिकारात अहवाल मागताना हा क्रमांक दिलात तर 'माहितीचा बोध होत नाही' हे उत्तर देता येत नाही.

फाटकाबाहेरचा फलकही वाचा. घातक रसायनं, सांडपाणी, धूर आणि घातक कचऱ्याची आकडेवारी फाटकावर लावावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा आदेश आहे. फलक कोरा किंवा तीन वर्षं जुना असेल तर त्याचाही फोटो. साखर, डिस्टिलरी, औषध, रंग, कागद, सिमेंट असे जे १७ अतिप्रदूषणकारी प्रकार केंद्रीय मंडळानं ठरवलेत, त्यांना सांडपाण्यावर किंवा धुरावर चोवीस तास नजर ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा बसवावी लागते. ज्या रात्री ओढा काळा होता, त्या रात्रीचे आकडे मागा. आकडे सुंदर असतील किंवा नेमके त्याच रात्री 'यंत्र बंद' असेल, तर दोन्हींतून बरंच काही कळतं.

उल्लंघन सापडलं तर मंडळ एकदम टाळं लावत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित निर्देश, मग अंतरिम निर्देश, कधी अटी पाळण्यासाठी कारखान्यानं ठेवलेली बँक हमी जप्त. शेवटी कलम ३३अ खाली बंदचे निर्देश, ज्यात वीज आणि पाणी तोडायचाही अधिकार आहे. हवेसाठी हेच कलम ३१अ. या पायऱ्यांची नावं माहीत असली की 'कारवाई चालू आहे' या उत्तरावर 'कुठल्या पायरीवर?' असं विचारता येतं.

पर्यावरणीय भरपाईचा हिशोबही समजून घ्या, कारण तो फार थोड्या तक्रारदारांना माहीत असतो. केंद्रीय मंडळानं २०१९ मध्ये दिलेलं सूत्र पाच आकड्यांचा गुणाकार आहे: प्रदूषण निर्देशांक (लाल, म्हणजे सर्वाधिक प्रदूषणाच्या, गटाच्या उद्योगाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा घटक (१०० ते ५००, सहसा २५०), उद्योगाचा आकार (लहान ०.५, मध्यम १, मोठा १.५) आणि जवळच्या लोकवस्तीचा घटक. लाल गटातला मध्यम उद्योग, दहा लाखांपेक्षा कमी वस्ती, ३० दिवस: ८० × ३० × २५० × १ × १ म्हणजे ६ लाख रुपये. दिवसाला २० हजार.

या गुणाकारात तुमच्या हातात असलेला एकच आकडा आहे, दिवसांचा. तो सहसा उल्लंघन मंडळाच्या नोंदीत आलं त्या तारखेपासून दुरुस्तीची पडताळणी होईपर्यंत मोजतात. म्हणजे पहिली पाहणी जानेवारीत झाली की मार्चमध्ये, यावर रक्कम ठरते. म्हणून तक्रार पहिल्या आठवड्यात जायला हवी, आणि पुराव्याची फाइल परिपूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये.

कागद बाहेर काढणं

पाहणीनंतर तीन आठवड्यांत अहवाल आला नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, शब्दमर्यादा १५०. हे मागा: चालू संमतीपत्र व नूतनीकरणाच्या अर्जाची प्रत, गेल्या दोन वर्षांतील सर्व पाहणी व विश्लेषण अहवाल, दिलेल्या नोटिसा व निर्देश, बँक हमीचा तपशील, आणि दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कारखान्यानं भरायचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच. 'का कारवाई केली नाही?' असा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर द्यायला ते बांधील नसतात, कागद द्यायला असतात. ३० दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, त्यानंतर दुसरं ९० दिवसांत.

'व्यापारी गुपित' हे कारण पुढे आलं तर घाबरू नका. साखर कशी करतात ते गुपित असू शकेल; ओढ्यात काय सोडलं ते गुपित कसं असेल?

मंडळ हललं नाही तर

इथून वाटा फुटतात आणि प्रत्येकीला वेगळी मुदत आहे.

तातडीचं असेल, पिण्याच्या पाण्यात घाण येत असेल, तर प्रांताधिकाऱ्यांकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली (जुन्या संहितेतलं १३३) सार्वजनिक उपद्रव थांबवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. हे कलम पालिकेवरही चालतं. रतलाम पालिकेच्या १९८० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पैसा नाही ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही. मैलापाण्यासाठी हा निकाल अजूनही कामाचा आहे, कारण आपल्या नद्यांत सगळ्यात जास्त घाण कारखान्यांची नाही, शहरांची जाते. २०२२ मध्ये घनकचरा आणि मैलापाण्याच्या अपयशासाठी हरित न्यायाधिकरणानं महाराष्ट्र सरकारलाच १२,००० कोटी रुपये बाजूला काढायला सांगितलं होतं.

दुसरी वाट दंडाची. ती अलीकडे बदलली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तिकांवर विसंबू नका. पूर्वी पर्यावरण आणि वायू अधिनियमांच्या उल्लंघनाला तुरुंगवास होता. जनविश्वास कायद्यामुळे १ एप्रिल २०२४ पासून बहुतेक ठिकाणी त्याची जागा १० हजार ते १५ लाख रुपयांच्या दंडानं घेतली आणि तो ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी आला. जल अधिनियमातही २०२४ मध्ये तशीच दुरुस्ती झाली, पण पाणी हा राज्याचा विषय असल्यानं ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली. इतर राज्यांनी विधिमंडळात ठराव करून ती स्वीकारायची असते. तुमच्या अर्जाच्या दिवशी राज्यात जुनं कलम चालू आहे की नवं, एवढं वकिलाकडून तपासून घ्या. जुन्या व्यवस्थेत कलम ४९ खाली मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे फिर्याद करू शकतो. तुरुंगाची भीती काढून घेणं मला तरी पटलेलं नाही. मोठ्या कारखान्याला १५ लाख म्हणजे हंगामातला किरकोळ खर्च. दुसरीकडे, जुन्या खटल्यांत शिक्षा किती जणांना झाली, हा प्रश्नही उरतोच.

तिसरी वाट राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची, आणि सामान्य माणसासाठी आज सगळ्यात उपयोगी हीच. २०१० च्या कायद्यानं ते आलं. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात, कौन्सिल हॉलसमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत. महाराष्ट्र, गोवा, गुजरात त्याच्याकडे येतात. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी १,००० रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का, किमान हजार. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. वकील सक्तीचा नाही, पण कामकाज इंग्रजीत चालतं.

मुदती नीट ध्यानात घ्या. कलम १४ खालचा अर्ज वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत करायचा, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. भरपाई आणि पर्यावरणाची पुनर्स्थापना मागायची असेल तर कलम १५ खाली पाच वर्षं. कितीतरी चांगली प्रकरणं सहा महिन्यांच्या दाराशी अडकतात, कारण माणसं दोन हंगाम मंडळाच्या उत्तराची वाट पाहतात. 'प्रदूषण रोज होतंय, म्हणून कारणही रोज नवं' हा युक्तिवाद काही वेळा चालतो. त्याच्या भरवशावर मात्र बसू नका.

अर्जात प्रतिवादी म्हणून कारखाना, मंडळ आणि जिल्हाधिकारी तिघंही घ्या. न्यायाधिकरण बहुतेकदा संयुक्त समिती नेमतं आणि ती गावात येते. तेव्हा तुमची शंभर पानी वही, वरच्या अंगाचा नमुना आणि संमतीपत्रातली ती एक ओळ टेबलावर असली पाहिजे. कायद्याच्या कलम २० नुसार प्रदूषण करणाऱ्यानंच भरपाई द्यायची हे तत्त्व न्यायाधिकरणावर बंधनकारक आहे. त्यामुळे तत्त्वावर पानं खर्च करू नका, दिवस आणि लिटर मांडा. आदेश पटला नाही तर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालय.

कारखाना अजून यायचाय?

मग तुम्ही नशीबवान आहात. मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यातल्या बऱ्याच प्रकल्पांसाठी जनसुनावणी. तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते, त्यातलं एक मराठी असतं. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि मंडळाच्या कार्यालयात वाचायला ठेवतात. सुनावणीला गणसंख्येची अट नाही: दोन माणसं आली तरी ती वैध धरली जाते, म्हणून बहिष्कार टाकणं हा मला सगळ्यात वाईट डाव वाटतो. जा, लेखी आक्षेप द्या, पोच घ्या आणि शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात तेव्हा आपला मुद्दा त्यात आलाय की नाही हे ऐकूनच उठा. मंजुरी मिळाली आणि ती चुकीची वाटली तर न्यायाधिकरणात अपिलाला फक्त ३० दिवस आहेत. कारण दाखवून आणखी ६०, त्यानंतर एकही दिवस नाही.

आदेश मिळाल्यावर

वही बंद करू नका. बंद झालेला कारखाना सशर्त पुन्हा सुरू होतो. त्या आदेशातल्या अटी आणि तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. न्यायाधिकरणाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, पण अंमलबजावणीचा अर्ज तुम्हालाच करावा लागतो. पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पाला दर १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो उतरवून आपल्या नोंदींशी ताडून पाहा. आणि संमतीपत्राची मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी मंडळाला लेखी आक्षेप द्या, सोबत गेल्या हंगामाच्या वहीची छायाप्रत जोडा. नूतनीकरणाची फाइल ज्याच्या टेबलावर येते, त्याला ती वाचावी लागते.

आमच्या ओढ्याची ही तिसरी वही चालू आहे. मागच्या गळीत हंगामात तिच्यात 'पाणी स्वच्छ' सलग एकेचाळीस दिवस आलं. बेचाळिसाव्या दिवशी पहाटे पुन्हा फेस दिसला, आणि नऊ वाजता तक्रार मंडळाच्या ईमेलवर होती.